गलबत वल्ह्यांवरून मोजावं: मराठी आरमाराच्या गलबताची १:४० लाकडी प्रतिकृती

मराठी आरमारातल्या गलबताची प्रतिकृती करायला बसलं की पहिला प्रश्न मापांचा येतो. गलबतं बांधणारे मिस्त्री कागदावर आराखडे काढत नसत. मापं त्यांच्या हातात आणि डोळ्यांत असत. तुळाजी आंग्र्यांचं आरमार फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात जळालं, आणि समोर ठेवून फूटपट्टी लावावी असं जुनं गलबत आज कुठे उभं नाही. हाती आहेत ती अठराव्या शतकात लिहिलेली वर्णनं, आणि ती चांगली नेमकी आहेत. गलबत म्हणजे वल्ह्यांची मोठी नाव. गुराब या मोठ्या लढाऊ जहाजाच्याच घाटाची पण लहान, फार तर सत्तर टनांची. दोन डोलकाठ्या, त्यातली मागची अगदी नाजूक. मोठ्या काठीवर एकच भलंमोठं त्रिकोणी शीड, आणि ते चढवलं की त्याचं टोक डोलकाठीच्याही वर जाई. डेक हलका राहावा म्हणून फाडलेल्या बांबूचा. कठड्यावर फिरत्या खिळीच्या लहान तोफा. चाळीस ते पन्नास भक्कम वल्ही, आणि त्यांच्या जोरावर वेग ताशी चार मैल. सर्वांत मोठ्या गलबतांवर फळ्यांचा पक्का डेक आणि दोन ते चार पौंडी सहा-आठ तोफा असत. इथे घेतलं आहे ते त्याहून लहान, बांबूच्या डेकचं.

या वर्णनातला कळीचा आकडा वल्ह्यांचा आहे. बहुतेक प्रतिकृती फसतात त्या इथेच. चित्रांतली युरोपी जहाजं डोळ्यांसमोर असतात, म्हणून पोट फुगवलं जातं, मागचा भाग दोन मजले चढवला जातो आणि शेवटी वल्ही लावायला जागा उरत नाही. उलट्या बाजूने सुरुवात करा.

मापं कशी ठरवायची

एका बाजूला २० वल्ही धरा, दोन्ही मिळून ४०. बसून वल्हवणाऱ्या दोन माणसांत ९० सेंटिमीटर अंतर लागतं, त्याहून कमी केलं तर पुढच्याच्या पाठीत मागच्याची मूठ बसते. २० वल्ह्यांमध्ये १९ अंतरं, म्हणजे १७.१ मीटर. पुढेमागे थोडी जागा सोडली की पुढच्या टोकाच्या, म्हणजे नाळेच्या, खांबापासून सुकाणूच्या खांबापर्यंत २० मीटर लांबी येते. रुंदी ४ मीटर घ्या. आता टनांचा ताळा पाहा. त्या काळच्या इंग्रजी पद्धतीत लांबीतून रुंदीचे तीन पंचमांश वजा करायचे, उरलेल्याला रुंदीने आणि मग अर्ध्या रुंदीने गुणायचं आणि ९४ ने भागायचं, सगळं फुटांत. ६५.६ फूट लांबी आणि १३.१ फूट रुंदीला उत्तर येतं सुमारे ५३ टन. सत्तरच्या खाली, आणि बांबूच्या डेकला शोभेलसं. रुंदी साडेचार मीटर केली असती तर आकडा ६६ वर गेला असता, आणि मग फळ्यांचा डेक टाकणंच प्रामाणिक ठरलं असतं.

१:४० या प्रमाणात एक मीटर म्हणजे २५ मिलिमीटर. त्यामुळे बांध्याची लांबी ५०० मिमी, रुंदी १०० मिमी. पाण्याखालची खोली ३५ मिमी, पाण्यापासून कठडा २६ मिमी, म्हणजे मध्यावर एकूण उंची ६१ मिमी. डेक कठड्यापासून १२ मिमी खाली. नाळ खांबाच्या पुढे ७५ मिमी निघते, मागचं टोक १५ मिमी. सगळं मिळून ५९० मिमी. मागचा भाग मध्यापेक्षा १५ मिमीहून उंच नेऊ नका. ही सगळी मापं एका जाड कागदावर पूर्ण आकारात तीन बाजूंनी काढून घ्या: बाजूने, वरून आणि समोरून. काढायच्या आधी हर्णै, मिरकरवाडा किंवा मालवणच्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या लाकडी होड्यांपाशी तासभर घालवा. फळ्या नाळेला कशा येऊन मिळतात, कुठे अरुंद होतात, एवढं नीट पाहिलं तरी पुढचं निम्मं काम सोपं होतं.

लाकूड

फळ्यांसाठी शिवण सर्वांत चांगली. हलकी, फिकट, पाण्यात भिजवून वाकवली की वाकते आणि वाळल्यावर तशीच राहते. सागवान वापरायचं तर पाडलेल्या जुन्या घराच्या वाशांचं किंवा चौकटीचं घ्या, ते पुरतं मुरलेलं असतं. मात्र करवत लावण्याआधी लोहचुंबक फिरवून आतले खिळे शोधा. सागाला अंगचं तेल असतं, म्हणून गोंद लावण्याच्या पाच मिनिटं आधी सांधा थिनरने पुसावा लागतो. हे विसरलं तर सांधा आज घट्ट दिसतो आणि दोन महिन्यांनी कागदासारखा सुटतो. बारीक वस्तूंसाठी, म्हणजे कप्प्या, खुंट्या, वल्ह्यांची पाती यांसाठी हेद घ्या. त्याचा कण बारीक असतो आणि धार नीट राहते. नाळेच्या आतल्या भरावाला पांगारा पुरेसा आहे. सावंतवाडीच्या खेळण्यांना चालत आलेलं हे मऊ लाकूड पटाशीखाली लोण्यासारखं कापलं जातं. डोलकाठी आणि परबाण, म्हणजे शीड ज्याला बांधतात तो तिरका वासा, सागाच्या सरळ रेषांच्या तुकड्यातून. ऐन टाळा: जड आहे, आणि लोखंड लागलं की निळाकाळा डाग पडतो.

वखारीतून आणलेलं लाकूड लगेच कापू नका. पट्ट्यांमध्ये बारीक काड्या घालून खोलीतच तीन-चार आठवडे रचून ठेवा. काम दसऱ्यानंतर सुरू करावं आणि रोज दोन तास दिले तर शिमग्यापर्यंत सांगाडा, फळ्या आणि डेक उरकावा. रंग-पॉलिश मिरगाच्या आत संपलंच पाहिजे. पावसाळ्यात कोकणात हवेतला ओलावा नव्वद टक्क्यांच्या घरात असतो. तेव्हा गोंद वाळत नाही, फळी फुगलेल्या अवस्थेत चिकटते आणि नोव्हेंबरात आक्रसून फटी पडतात.

पठाण आणि वांक

गलबताचा तळाचा कणा म्हणजे पठाण आणि फासळ्या म्हणजे वांक. प्रतिकृतीत आतला कणा ४ मिमी मरीन प्लायचा कापायचा. प्लाय विकत घेताना डोळ्यांच्या रेषेत धरून पाहा; जरासाही पीळ असला तर तो तुकडा नको. इथला एक मिलिमीटरचा पीळ शेवटी डोलकाठीच्या टोकाला अर्धा सेंटिमीटर होऊन दिसतो. वांक १३, तेही ४ मिमी प्लायचे, ३६ मिमीच्या अंतराने. पहिला नाळेच्या खांबापासून ३४ मिमीवर, शेवटचा सुकाणूच्या खांबापासून ३४ मिमीवर. सातवा सर्वांत रुंद: ९७ मिमी, कारण दोन्ही बाजूंना दीड-दीड मिमीची फळी चढणार आहे. ही दीड मिमी वजा करायची राहिली तर गलबत १०३ मिमी रुंद होतं, आणि तयार केलेले डेकचे तुकडे बसत नाहीत.

कण्याला वरून आणि वांकांना खालून अर्ध्या उंचीच्या खाचा पाडा. खाच ४ मिमीची हवी. वांक हाताने दाबून बसावा, हातोडी लागली तर खाच कानसून मोकळी करा, नाहीतर कणा वाकतो. गोंद लावण्याआधी सगळं कोरडं जुळवून पाहा. मग प्रत्येक वांक गुण्याने काटकोनात धरून चिकटवा आणि वांकांच्या मध्ये, कण्याच्या दोन्ही बाजूंना, पांगाऱ्याचे ठोकळे भरा. पाचव्या आणि सहाव्या वांकाच्या मध्ये, नाळेच्या खांबापासून २०० मिमीवर, मोठ्या डोलकाठीसाठी ८ मिमीचं भोक असलेला ठोकळा आत्ताच बसवा. ते भोक किंचित पुढे झुकतं हवं, सात-आठ अंश, कारण या किनाऱ्यावरच्या तिरक्या शिडाच्या तारवांची काठी पुढे झुकलेली असते. ४२० मिमीवर मागच्या काठीसाठी ४ मिमीचं भोक.

आता वांकांच्या कडांना उतार द्यायचा. पुढचे चार आणि मागचे चार वांक फळीला सरळ भेटत नाहीत, तिरके भेटतात. एक लवचीक पट्टी तीन-चार वांकांवर हलक्या हाताने टेकवा. ती प्रत्येक वांकाच्या पूर्ण जाडीला लागली पाहिजे. नुसती कडेला लागत असेल तर १२० नंबरचा पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून ती कड उतरवा. कुठे पट्टी आणि वांकात फट दिसली तर वांक जादा घासला गेला आहे. तिथे पातळ व्हिनिअर चिकटवून पुन्हा घासा. या कामाला दोन संध्याकाळी पूर्ण द्या. फळ्या चढल्यावर इथली चूक दुरुस्त होत नाही. तिच्या जागी बांध्यावर खड्डा दिसतो आणि तो लांबी भरून लपत नाही.

फळ्या चढवणं

पट्ट्या ५ मिमी रुंद, दीड मिमी जाड, ६०० मिमी लांब. मध्यावर कठड्यापासून पठाणापर्यंतचा घेर साधारण ८२ मिमी येतो, म्हणजे एका बाजूला १७ फळ्या. दोन्हीकडच्या ३४, आणि मोडतोड धरून ५० कापून ठेवा. पुढे नाळेपाशी हाच घेर ५५ मिमी भरतो. १७ फळ्या तिथेही बसायच्या तर प्रत्येकीची रुंदी तिथे सव्वातीन मिमीच हवी. म्हणून प्रत्येक पट्टी पुढच्या तिसऱ्या भागात ५ वरून सव्वातीनपर्यंत रंध्याने निमुळती करावी लागते. पट्टी न उतरवता जबरदस्तीने बसवली तर तिची एक कड वर उचलली जाते आणि पुढची फळी तिच्यावर चढते. तुमच्या आराखड्यात रुंदी अडीच मिमीच्या खाली जात असेल तर उतरवत बसू नका; दोन फळ्यांऐवजी एकच पुढे न्या आणि दुसरी तिच्या पोटात खाच पाडून तिथेच थांबवा. मागे याच्या उलट होतं. तिथे घेर वाढतो, फळ्यांमध्ये पाचरीसारखी जागा उरते, ती पाचरीच्याच आकाराच्या तुकड्याने भरायची.

पहिली फळी कठड्याची. ती दोन्ही बाजूंना एकाच दिवशी लावा आणि नाळेकडून पाहून डावी-उजवी एका उंचीवर आहे ना ते तपासा. पुढे कायम एक डावीकडे, एक उजवीकडे. एका बाजूला पाच-सहा फळ्या लागोपाठ चढवल्या की वाळताना त्या ओढतात आणि सगळा सांगाडा केळीच्या सालीसारखा वळतो. वरून आठ फळ्या झाल्या की खालून, पठाणालगतची फळी लावा. ती पुढे नाळेवर चढू देऊ नका, पहिल्या वांकापाशीच संपवा. ती वर चढली तर तिच्यानंतरच्या सगळ्या फळ्यांना वर ढकलते.

वाकवण्यासाठी पट्टी कोमट पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं भिजवा आणि तापलेल्या पत्र्याच्या नळीवर हळूहळू सरकवत दाबा. ती चिरकली तर ओलावा कमी पडला. साल निघाल्यासारखी दिसली तर रेषा तिरक्या आहेत, ती पट्टी बाजूला ठेवा. वाकलेली पट्टी सांगाड्यावर चिमट्यांनी बांधून रात्रभर वाळू द्या, गोंद दुसऱ्या दिवशी. ओल्या पट्टीला फेव्हिकॉल लावला तर ती वाळताना अर्धा मिलिमीटरपर्यंत आकसते आणि बारीक फटींची रांग उभी राहते. झटपट चिकटणारा गोंद फक्त टोकांना, थेंबभर; तो बाहेर आला की पांढरा डाग पडतो आणि तिथे तेल मुरत नाही.

खिळे पितळेचेच, अर्धा मिमी जाडीचे, आधी भोक पाडून. लोखंडी टाचण्या खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात गंजतात आणि फळीवर तपकिरी अश्रू ओघळतात. प्रत्येक फळीची एक कड चिकटवण्याआधी २बी पेन्सिलीने काळी करा. सांध्यात भरलेल्या कापसाची आणि राळेची रेघ त्यातून हुबेहूब उमटते, तीही बेताची. सगळं झालं की १२०, २२० आणि मग ४०० नंबरचा पेपर, रेषांच्या दिशेने.

नाळ

गुराबेची आणि गलबताची ओळख ही नाळ. ती वर उठलेली नसते, डेकच्याच पातळीत पुढे सरळ निघते आणि तिला कठडा नसतो. समोरून लाट आली की हे जहाज जोरात डुंबतं. नाळेवर आलेलं पाणी अडकू नये, तसंच वाहून जावं, म्हणून ती उघडी. प्रतिकृतीत पहिल्या वांकावर कठडा आडव्या भिंतीने बंद करा आणि त्यापुढचा टोकापर्यंतचा सगळा भाग मोकळा सोडा. कण्याच्या दोन्ही बाजूंना पांगाऱ्याचे ठोकळे चिकटवून, खाली पाण्याच्या रेषेपासून टोकाकडे चढत जाणारा आकार पटाशीने काढा. टोक ६ मिमी रुंद, डेकच्या पातळीपेक्षा फार तर ८ मिमी वर. त्यावर २ मिमी रुंद फळ्यांचा डेक. हा भाग बांबूचा नको, इथे लाटेचा मार असतो. समोर पुतळा, नक्षी, सोनेरी रंग यांचा मोह होतो. तो आवरावा.

बांबूचा डेक

खरा फाडलेला बांबू पाच सेंटिमीटरच्या आसपास रुंद धरला तर १:४० मध्ये तो सव्वा मिलिमीटर होतो. अगरबत्तीची काडी साधारण तेवढीच असते, पण ती गोल आणि खरबरीत. माणगा जातीच्या बांबूच्या कांबी स्वतः काढा, फरक लगेच दिसतो. तीन वर्षांचा, पक्का पिवळा झालेला माणगा घ्या, कोवळा आकसतो. दोन पेरांमधला गुळगुळीत भाग करवतीने कापा, कोयतीने उभा फाडत जा आणि सालीकडची पहिली एक मिमी जाडीच ठेवा. आतला पांढरा गर किडीला आवडतो, तो पटाशीने खरवडून टाका. शेवटी कांब १.३ मिमी रुंद आणि ०.८ मिमी जाड झाली पाहिजे. त्यासाठी पत्र्याच्या तुकड्यात १.३ मिमीची चीर पाडा आणि कांब त्यातून दोन-तीनदा ओढा. कडा आपोआप सारख्या होतात.

कांबी किडू नयेत म्हणून एक लिटर पाण्यात ३० ग्रॅम बोरॅक्स आणि २० ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवून त्यात दोन दिवस बुडवून ठेवा आणि मग सावलीत वाळवा. हातमोजे घाला, भांडं स्वयंपाकात परत नेऊ नका, मुलांच्या हाती लागू देऊ नका. हा टप्पा गाळला तर वर्षभरात डेकखाली पिठासारखी भुकटी जमते. ती भुंगेऱ्याची.

डेक एकसंध करू नका. ७२ मिमी लांबीच्या सहा ताट्या करा, दोन-दोन वांकांच्या अंतराच्या. वांकांच्या डोक्यावर आणि दोन वांकांच्या बरोबर मध्ये ३ × ३ मिमीच्या आडव्या तुळया टाका, म्हणजे दर १८ मिमीला टेकू मिळतो. टेकू ३६ मिमीवर ठेवले तर कांबी मध्ये झोळतात. मधल्या ताटीला सत्तर कांबी लागतात, टोकांच्या ताट्यांना चाळीस. एकूण ३३० च्या आसपास. टेबलावर मास्किंग टेप चिकट बाजू वर करून ताणा, त्यावर कांबी शेजारी शेजारी बसवा, चकचकीत साल वर. मग तुळयांच्या जागी गडद तपकिरी दोरा सुईने एका कांबीच्या वरून, दुसरीच्या खालून असा चटईसारखा ओवा, परतताना उलट. कडेच्या दोन कांबींना गाठ आणि गाठीवर पातळ गोंदाचा थेंब. टेप काढला की ताटी गुंडाळता येईल इतकी लवते, आणि डेकच्या हलक्या फुगवट्यावर नीट बसते. चौथी ताटी न चिकटवता नुसती ठेवा. ती उचलली की खाली वांक आणि पठाण दिसतात. बघणाऱ्याला गलबत किती पोकळ आणि हलकं होतं ते तिथे कळतं.

वल्ही

४० लागतात, ४४ करा. दांडी बांबूची, २ मिमी जाड, १३८ मिमी लांब. पातं हेदाच्या ०.६ मिमी व्हिनिअरचं, २० × ६ मिमी, दांडीच्या टोकाला चीर पाडून त्यात सरकवलेलं. एकेक हाताने मोजून केली तर चाळीस वल्ह्यांच्या चाळीस लांब्या होतात. प्लायच्या तुकड्यावर दोन पट्ट्या ठोकून साचा करा आणि प्रत्येक वल्हं त्यात घालून कापा.

कठड्यावर २२.५ मिमी अंतराने खुंट्या: हेदाच्या १.२ मिमी काड्या, कठड्यावर ५ मिमी वर. वल्हं खुंटीला दोऱ्याच्या फासाने बांधायचं, छिद्रातून ओवायचं नाही. आतल्या बाजूला ३८ ते ४० मिमी, बाहेर ९८ ते १००. वल्हेकऱ्यांच्या बैठकीची फळी डेकपासून ९ मिमी उंच. वल्ह्याची मूठ तिच्या वर साडेतेरा मिमीच्या आसपास, म्हणजे बसलेल्या माणसाच्या छातीला येते. ३ × ४१ मिमीचा, म्हणजे १६५ सेंटिमीटर उंचीचा पुठ्ठ्याचा माणूस कापून बैठकीवर वाकवून बसवा. मूठ त्याच्या डोक्यावर किंवा मांडीत येत असेल तर डेकची उंची चुकली आहे.

सगळी पाती पाण्याच्या एकाच रेषेला टेकली पाहिजेत. त्यासाठी पातळ प्लायमध्ये गलबताच्या पाण्याच्या रेषेच्या आकाराचं भोक कापा, ते गलबताभोवती ३५ मिमी उंचीवर बसवा आणि प्रत्येक पातं त्यावर टेकवून मग फासाला गोंद लावा. कोन किंचित मागे, सगळ्यांचा सारखा. नाळेकडची दोन आणि मागची दोन वल्ही बांध्याच्या वळणामुळे आपोआप वेगळ्या दिशेला जातात; ती डोळ्याने पाहून बाकीच्यांना समांतर करा.

तोफा, काठ्या, शीड

जंबुरे, म्हणजे फिरत्या खिळीच्या त्या लहान तोफा, आठ, बाजूला चार: तिसऱ्या, आठव्या, तेराव्या आणि अठराव्या वल्ह्यानंतरच्या अंतरात. ३ मिमी पितळी सळी ड्रिलमध्ये धरून कानशीने निमुळती करा, लांबी २५ मिमी, तोंडाला १ मिमी भोक. बेचकं ०.८ मिमी तांब्याच्या तारेचं. गाडे, तोफखिडक्या यांची इथे गरज नाही.

मोठी डोलकाठी डेकच्या वर २४० मिमी, खालचा भाग धरून २८०; बुडाला ८ मिमी, टोकाला साडेपाच. चौकोनी काठी आधी अष्टकोनी करा, मग गोल. थेट गोल करायला गेलं की ती एका बाजूला बारीक होते. परबाण ४८० मिमी लांब, पण एका तुकड्याचं नको. २८० मिमीचे दोन तुकडे ८० मिमी एकावर एक घेऊन दोऱ्याने पाच जागी आवळा. जुन्या तारवांची लांब परबाणं अशीच जोडून बांधलेली असत. ते काठीच्या टोकाशी मध्यावर टांगून साठ अंशांत उभं केलं की वरचं टोक डोलकाठीच्या दोनशे मिमी वर जातं. मागची काठी १३० मिमी, ४ मिमी जाडीची, तिचं परबाण २२० मिमीचं.

शीड फुगवलेलं आणि वल्हीही पाण्यात, असं दोन्ही दाखवण्याचा आग्रह धरू नका. वारा पडलेला आहे, शीड परबाणाला गुंडाळलं आहे आणि गलबत वल्ह्यांवर चाललं आहे, असं दाखवणं जास्त खरं. गुंडाळलेल्या शिडासाठी मलमल पूर्ण आकाराची घेऊ नका, लांबी पूर्ण पण रुंदी एक तृतीयांश. पूर्ण कापड गुंडाळलं तर परबाणावर गादी बांधल्यासारखी दिसते. कापड चहाच्या पाण्यात बुडवून वाळवा, फेव्हिकॉल एकास पाच पाण्यात मिसळून त्यात ओलं करा आणि ओलं असतानाच दर २० मिमीला दोऱ्याने बांधा. वारा पडलेला आहे तर भगवं निशाणही काठीला लोंबतं हवं. ताठ फडकणारं निशाण आणि गुंडाळलेलं शीड एकत्र आलं की जाणत्या माणसाच्या लगेच लक्षात येतं.

दोर थोडेच आहेत: परबाण चढवायचा मुख्य दोर १ मिमी, तो डोलकाठीच्या मागे कठड्याला बांधलेला, म्हणजे काठीला मागून ताणही मिळतो; परबाणाच्या वरच्या टोकाचे दोन, खालच्या टोकाचा एक, काठीला बाजूंनी दोन-दोन, हे सगळे अर्धा मिमी. सुती दोरा घ्या, मेणावरून ओढून त्याची लव बसवा, काथ्याचा रंग द्या. ताणून मात्र बांधू नका. सुती दोरा ओल्या हवेत आखडतो. डिसेंबरात तारेसारखा ताणलेला दोर जुलैत मागची नाजूक काठी वाकवतो. बोट लावलं की दोन मिमी हलेल इतकी ढील ठेवा.

तेल, रंग आणि पेटी

पाण्याखालच्या भागाला जुन्या काळी चुना आणि चरबी-तेलाचा पांढरट लेप असे. तिथे मळकट पांढरा, चमक नसलेला रंग, पातळ दोन हात. रेषा आखण्यासाठी पेन्सिल ३५ मिमी उंचीच्या ठोकळ्यावर बांधून ती गलबताभोवती फिरवा. पाण्यावरच्या भागाला जवसाचं उकळलेलं तेल कापडाने चोळा, पंधरा मिनिटांनी उरलेलं पुसून घ्या. दोन दिवसांच्या अंतराने तीन वेळा. ती कापडं बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. दोरीवर पसरून वाळवा, मग टाका. लाखेचं स्पिरिट पॉलिश लावायचं असेल तर कोरड्या दिवशी दुपारी. ढगाळ हवेत त्यावर दुधासारखी साय येते. तसं झालं तर कोरड्या दिवसाची वाट पाहून नुसत्या स्पिरिटचा ओला बोळा एकदा हलकेच फिरवा, साय जाते.

काचेची पेटी बंद करू नका. खाली मागच्या बाजूला ६ मिमीची दोन भोकं पाडून आतून बारीक जाळी लावा. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि महिन्यातून एकदा तव्यावर तापवून पुन्हा कोरड्या करा. समुद्राकडच्या भिंतीवर आणि स्वयंपाकघराच्या वाऱ्यावर पेटी नको.

गलबताखालची बैठक करताना एक गोष्ट राहू देऊ नका. वारा पडला की याच गलबतांनी वल्ही मारून जड गुराबा ओढत शत्रूच्या माऱ्याच्या टप्प्यात नेल्या. आंग्र्यांच्या मुख्य ताफ्यात आठ-दहा गुराबांबरोबर चाळीस-पन्नास गलबतं असत ती त्यासाठीसुद्धा. म्हणून मागच्या बाजूला, डेकच्या पातळीवर, आतल्या कण्यापर्यंत खोल बसवलेला ५ मिमी जाडीचा एक खुंट लावा. नुसत्या डेकला चिकटवला तर ताणाने उपटतो. त्याला सव्वा मिमीचा काथ्याच्या रंगाचा दोर तीन वेढे देऊन बांधा, किंचित झोळ देऊन मागे न्या आणि बैठकीच्या कडेला पाडलेल्या भोकातून खाली उतरवा.